यंत्राचा ताळा

पाटीवर किंवा वहींत भागाकार पुरा झाला, कीं मुलगा उत्तराखालीं दुहेरी रेघ ओढतो आणि मोठ्या उत्साहानें म्हणतो, "सर, उत्तर आलें!" त्यावर आम्हां शिक्षकांचा ठरलेला प्रश्न असतो, "आलें खरें. पण तें बरोबर कशावरून? ताळा पाहिलास काय?" मग मुलगा किंचित् खट्टू होऊन पुन्हां पेन्सिल उचलतो. भाजकाला भागाकारानें गुणतो, त्यांत बाकी मिळवितो आणि येणारी संख्या भाज्याशीं जुळते कीं नाहीं तें पाहतो. ती जुळली म्हणजे त्याची खात्री पटते आणि आमचीहि पटते. उत्तर काढणें आणि तें बरोबर असल्याची खात्री करून घेणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, ही गोष्ट मूल त्या वेळीं प्रथम शिकतें.

आज हिशेबाचीं बहुतेक कामें संगणकाकडे गेलीं आहेत. बँकेंतील व्याज तो मोजतो, आगगाडीचें तिकीट तो देतो, विमानाला वाट तो दाखवितो आणि रुग्णालयांत रोग्याला किती किरण द्यावयाचे तेंहि तोच ठरवितो. मग सहज प्रश्न उद्भवतो कीं, या यंत्राचा ताळा कोण पाहतो, आणि कसा पाहतो? या प्रश्नासाठीं ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं बहुतेक वर्षें वेंचलीं, अशा एका प्राध्यापकांची व त्यांच्या विद्येची ओळख विद्यार्थिमित्रांना आणि त्यांच्या पालकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. त्यांचें नांव सर चार्ल्स अँटनी रिचर्ड होअर. विद्वानांच्या जगांत ते टोनी होअर या नांवानेंच प्रसिद्ध आहेत.

प्रथम संगणकाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्या गोष्टींतला सांगकाम्या सर्वांच्या परिचयाचा आहे. धन्यानें जें सांगितलें तेंच तो अक्षरशः करतो. धन्याच्या मनांत काय होतें याची तो चौकशी करीत नाहीं. संगणक हा अत्यंत चपळ असा सांगकाम्या होय. त्याला द्यावयाच्या आज्ञा क्रमानें लिहून काढतात, त्या लेखाला आज्ञावली म्हणतात. आज्ञावलींत एक आज्ञा चुकली, तर संगणक ती चूकहि तितक्याच तत्परतेनें, एका क्षणांत लक्षावधि वेळां करतो.

यावर कोणी म्हणेल, दहा-वीस उदाहरणें घालून पाहावीं; तीं बरोबर आलीं म्हणजे आज्ञावली बरोबर. यालाच आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतों. परंतु भाताचीं शितें एकाच आधणांत शिजतात, म्हणून ती परीक्षा तेथें चालते. संख्यांचें तसें नाहीं. जास्तींत जास्त दहा अंकी अशा दोन संख्यांच्या जोड्या किती होतील याचा हिशेब वरच्या वर्गांतील मुलांनीं करून पाहावा. एकावर वीस शून्यें, इतक्या त्या असतील. दर सेकंदास एक कोटि जोड्या तपासल्या, तरी काम संपावयास तीन लक्षांहून अधिक वर्षें लागतील. तेव्हां सगळीं शितें चेपून पाहणें शक्य नाहीं, आणि न चेपलेलें शीत कच्चें असण्याचा संभव राहतोच.

हा नुसता कल्पनेचा खेळ नव्हे. १९९४ सालीं अमेरिकेंतील लिंचबर्ग कॉलेजांत गणित शिकविणारे प्राध्यापक टॉमस नाइसली यांना आपल्या संगणकाच्या उत्तरांत विसंगति आढळली. ११ व १३, १७ व १९ यांसारख्या जुळ्या मूळ संख्यांवर ते संशोधन करीत होते. पुष्कळ शोध घेतल्यावर दोष सांपडला तो इंटेल कंपनीच्या पेंटियम नांवाच्या चिपमध्यें. भागाकारासाठीं चिपमध्यें जें कोष्टक घातलेलें होतें, त्यांतील पांच घरें भरावयाचीं राहून गेलीं होतीं. त्यामुळें ४१९५८३५ या संख्येस ३१४५७२७ नें भागिलें असतां १.३३३८२० यावयाच्या जागीं १.३३३७३९ येत असे. लक्षावधि लोकांनीं तें यंत्र विकत घेतलें होतें, आणि बहुतेकांचे भागाकार बरोबरच येत होते. कांहीं थोड्या जोड्यांपुरतीच चूक होती. त्या चुकीपायीं कंपनीला ४७ कोटि ५० लक्ष डॉलरांची झळ सोसावी लागली. ताळा न पाहिलेला भागाकार किती महाग पडतो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

आतां होअर यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म ११ जानेवारी १९३४ रोजीं सिलोनांत, कोलंबो येथें, इंग्रज आईबापांच्या पोटीं झाला. पुढें ऑक्सफर्ड येथील मर्टन कॉलेजांत त्यांनीं शिक्षण घेतलें, पण कशाचें? संगणकाचें नव्हे, तर लॅटिन, ग्रीक व तत्त्वज्ञान यांचें. भाषा शिकणाऱ्या मुलाचें शास्त्रांत कांहीं चालत नाहीं, असें मानणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. १९५६ मध्यें पदवी घेतल्यावर सक्तीच्या लष्करी सेवेसाठीं ते आरमारांत गेले आणि तेथें रशियन भाषा शिकले. त्या भाषेच्या बळावर पुढें त्यांना मॉस्को येथील विश्वविद्यालयांत अभ्यासासाठीं जातां आलें.

मॉस्को येथें त्या काळीं यंत्राकडून भाषांतर करविण्याचे प्रयोग चालू होते. शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमानें सांठविलेला असे. तेव्हां वाक्यांतील शब्दहि आधीं वर्णानुक्रमानें लावून घेतले, तर फीत एकदांच फिरवून सर्वांचे अर्थ सांपडत. शब्द झटपट क्रमानें कसे लावावे, याचा विचार करतां करतां होअर यांना एक युक्ति सुचली. एक शब्द मध्यें धरावा. त्याच्या आधीं येणारे सर्व एका बाजूस व नंतर येणारे दुसऱ्या बाजूस करावे. मग प्रत्येक बाजूवर हीच कृति पुन्हां करावी. कवायतीच्या वेळीं मुलांना उंचीप्रमाणें उभें करतांना हा प्रयोग कोणीहि करून पाहावा. ही रीत "क्विकसॉर्ट" या नांवानें सर्व जगांत प्रसिद्ध झाली. इंग्लंडला परतल्यावर १९६० मध्यें ते एलियट ब्रदर्स नांवाच्या संगणक करणाऱ्या कंपनींत लागले. आपली रीत प्रचलित रीतीहून जलद आहे, असें त्यांनीं वरिष्ठांस सांगितलें, तेव्हां वरिष्ठांनीं सहा पेन्सांची पैज लाविली. आणि ती पैज होअर यांनीं जिंकली.

येथवर सर्व यशाचीच कथा झाली. परंतु ज्या कामासाठीं आपण त्यांचें स्मरण करीत आहों, त्या कामाच्या पाठीमागें एक मोठें अपयशहि उभें आहे. एलियट ५०३ नांवाच्या यंत्रासाठीं आज्ञावलींचा एक भला मोठा संच तयार करण्याचें काम होअर यांच्या देखरेखीखालीं चाललें होतें. गिऱ्हाइकांना दिलेली मुदत टळली, पुन्हां नवी मुदत दिली, तीहि टळली. आज्ञावली इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या कीं, यंत्रावर त्या असह्य मंदगतीनें चालूं लागल्या. शेवटीं सारें काम सोडून द्यावें लागलें. तीस माणसांनीं एक एक वर्ष राबावें, त्याहूनहि अधिक श्रम वायां गेले. त्या वेळीं एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें होअर यांना स्पष्ट सांगितलें कीं, जें तुम्हांला स्वतःला समजलें नव्हतें तें तुम्हीं हाताखालच्या माणसांना करूं दिलें, ही तुमची चूक. होअर यांनीं तें निमूटपणें मान्य केलें. एवढेंच नव्हे, तर १९८० सालीं संगणकशास्त्रांतील सर्वांत मानाचें ट्यूरिंग पारितोषिक त्यांना मिळालें, तेव्हां त्या प्रसंगींच्या व्याख्यानांत आपल्या पराक्रमांचा पाढा वाचण्याऐवजीं त्यांनीं हीच अपयशाची कथा सर्वांसमक्ष सांगितली. या प्रसंगाचा धडा त्यांच्या मनांत खोल रुतला असला पाहिजे. आपण लिहिलेलें आपल्यालाच समजत नसेल, तर तें बरोबर आहे असें आपण कोणत्या तोंडानें म्हणणार?

१९६८ सालीं होअर आयर्लंडच्या उत्तर भागांतील बेलफास्ट येथें क्वीन्स विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९६९ मध्यें, त्यांनीं एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. आज्ञावलीचा ताळा पाहण्याची कल्पना अगदींच नवी होती असें नाहीं. ॲलन ट्यूरिंग यांनीं १९४९ सालीं केंब्रिज येथें तिचा विचार मांडला होता, व १९६७ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट फ्लॉइड यांनीं तो पुष्कळ पुढें नेला होता. फ्लॉइड यांच्या ऋणाचा उल्लेख करूनच होअर यांनीं आपली रीत सांगितली. भूमितींत युक्लिडनें जें केलें तेंच येथें करावयाचें, असा त्यांचा मानस होता. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते, हें आपण हजार त्रिकोण मोजून ठरवीत नाहीं. थोडीं गृहीतकें घेऊन, एकेक पायरी चढून, तें सर्व त्रिकोणांविषयीं एकदांच सिद्ध करतों. तसेंच आज्ञावलीविषयीं कां करतां येऊं नये?

त्यासाठीं होअर यांनीं प्रत्येक आज्ञावलीच्या मागें एक व पुढें एक अशीं दोन विधानें ठेविलीं. पहिलें विधान म्हणजे आरंभींची अट: काम सुरू करतांना काय खरें असलें पाहिजे. दुसरें म्हणजे शेवटची हमी: काम संपल्यावर काय खरें झालेलें असेल. आरंभींची अट खरी असतांना आज्ञावली चालविली आणि ती संपली, तर शेवटची हमी खरी ठरलीच पाहिजे, असें तर्कानें दाखविणें म्हणजे तिचा ताळा पाहणें.

त्या निबंधांत त्यांनीं जें उदाहरण घेतलें, तें पाहून आम्हां शिक्षकांस तर आनंदच वाटेल. कारण तें आहे आपल्या परिचयाच्या भागाकाराचें! भागाकार म्हणजे वारंवार केलेली वजाबाकी. १७ ला ५ नें भागावयाचें आहे असें समजा. आरंभीं बाकी १७ धरा व भागाकार ० धरा. मग आज्ञा अशी: जोंवर बाकी भाजकाहून लहान झालेली नाहीं, तोंवर बाकींतून भाजक वजा करा आणि भागाकारांत एक मिळवा. आतां प्रत्येक पायरीस आपला शाळेंतला ताळा लावून पाहूं.

आरंभीं: ५ गुणिले ०, अधिक १७, बरोबर १७.
पहिल्या वजाबाकीनंतर: ५ गुणिले १, अधिक १२, बरोबर १७.
दुसऱ्या वजाबाकीनंतर: ५ गुणिले २, अधिक ७, बरोबर १७.
तिसऱ्या वजाबाकीनंतर: ५ गुणिले ३, अधिक २, बरोबर १७.

आतां बाकी २ उरली, ती ५ हून लहान आहे, म्हणून काम थांबलें. उत्तर: भागाकार ३, बाकी २. परंतु मौजेची गोष्ट ती नव्हे. मौज ही कीं, संख्या सारख्या बदलत असतां ताळा मात्र एकदांहि ढळला नाहीं. असें कां झालें? प्रत्येक पायरींत बाकी पांचानें कमी होते, आणि भागाकार एकानें वाढल्यामुळें गुणाकार पांचानेंच वाढतो. उजव्या खिशांतील पांच रुपये डाव्या खिशांत टाकले, तर एकूण रक्कम बदलत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून पायरीच्या आधीं ताळा जुळत असेल, तर पायरीनंतरहि तो जुळलाच पाहिजे. आरंभीं तो जुळतो हें उघड आहे. तेव्हां शेवटींहि तो जुळणार. आणि हा युक्तिवाद १७ व ५ यांच्यापुरताच नाहीं; कोणत्याहि दोन पूर्ण संख्यांना तो लागू आहे. जें काम उदाहरणें तपासून तीन लक्ष वर्षांत झालें नसतें, तें चार ओळींच्या विचारानें झालें.

येथें एखादा चाणाक्ष मुलगा विचारील, "भाजक शून्य असला तर?" प्रश्न अगदीं योग्य आहे. बाकींतून शून्य कितीहि वेळां वजा केलें, तरी ती लहान होणार नाहीं आणि बिचारें यंत्र जन्मभर वजाबाकीच करीत बसेल. ताळा प्रत्येक पायरीस जुळेल, पण काम कधीं संपणार नाहीं. होअर यांनीं ही मर्यादा त्याच निबंधांत स्पष्ट सांगितली आहे. काम बरोबर होईल हें दाखविणें एक, आणि तें संपेल हें दाखविणें दुसरें. दोहोंचा ताळा वेगवेगळा पाहावा लागतो.

आरंभींची अट विसरल्यानें काय होतें, याची साक्ष ४ जून १९९६ रोजीं मिळाली. युरोपांतील राष्ट्रांनीं मिळून बनविलेला एरियान ५ नांवाचा अग्निबाण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून प्रथमच उडाला आणि एक मिनिटहि झालें नाहीं तोंच त्याच्या आकाशांत ठिकऱ्या उडाल्या. त्यांतील एक आज्ञावली आधींच्या एरियान ४ या बाणांतून जशीच्या तशी उचलली होती. जुन्या बाणाचा आडवा वेग विवक्षित मर्यादेंत राही, व त्या मर्यादेंत ती आज्ञावली चोख काम करी. नवा बाण अधिक वेगवान् होता; त्याचा आंकडा ठरलेल्या जागेंत मावेना, आणि दिशा दाखविणारें यंत्र बंद पडलें. जुन्या अटीवर दिलेली हमी नव्या परिस्थितींत लागू आहे काय, हें कोणी पडताळून पाहिलें नव्हतें.

१९७७ मध्यें होअर ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक म्हणून परत आले आणि पुढील बावीस वर्षें तेथेंच राहिले. पुष्कळ यंत्रें एकमेकांशीं संदेशांची देवघेव करीत एकाच वेळीं कामें करतात, त्यांच्या वर्तनाचा ताळा कसा पाहावा, हा विषय त्यांनीं तेथें हातीं घेतला. १९८५ मध्यें त्यावर त्यांचा ग्रंथहि निघाला. त्यांच्या भोंवतीं जमलेल्या मंडळीचीं कामें नुसतीं कागदावर राहिलीं नाहींत. इन्मॉस या इंग्रजी कंपनीच्या चिपमधील अपूर्णांकांचें गणित करणारा भाग या मंडळीच्या साहाय्यानें गणिती सिद्धतेसह रचला गेला, व त्याबद्दल दोघांस १९९० सालीं राणीचें पारितोषिक मिळालें. होअर यांच्याजवळ कांहीं काळ काम केलेले झाँ-रेमाँ आब्रियाल या फ्रेंच विद्वानांनीं पुढें आपली एक स्वतंत्र पद्धति निर्माण केली. पॅरिस शहरांत १९९८ सालीं सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या चौदाव्या मार्गावर गाड्या चालकावांचून धावतात. त्यांच्या सुरक्षिततेच्या आज्ञावली याच पद्धतीनें सिद्ध केलेल्या आहेत. चालकाची जागा रिकामी असतां आईबाप लेंकरांना घेऊन त्या गाडींत निःशंकपणें बसतात, तें या ताळ्याच्या भरंवशावर.

तथापि आपल्या मताचा अभिमान धरून सत्याकडे पाठ फिरवावी, असा होअर यांचा स्वभाव नव्हता. सिद्धतेवांचून मोठमोठ्या आज्ञावली चालणेंच अशक्य होईल, अशी भीति त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना एके काळीं वाटत होती. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. १९९६ सालीं त्यांनीं स्वतःच एक निबंध लिहून प्रश्न केला कीं, सिद्धता नसतांना आज्ञावली इतक्या भरंवशाच्या कशा झाल्या? काळजीपूर्वक आखणी, एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें वाचून पाहणें आणि कसून घेतलेल्या चांचण्या, यांचें श्रेय त्यांनीं मोकळ्या मनानें दिलें. त्याचप्रमाणें १९६५ सालीं एका संगणकभाषेंत त्यांनीं "कोठेंच निर्देश न करणारी खूण" ठेवण्याची सोय केली होती. सोपी म्हणून ठेविलेली ही सोय पुढें असंख्य चुकांचें मूळ ठरली. २००९ सालीं लंडन येथें भरसभेंत त्यांनीं ती आपली अब्ज डॉलरांची चूक म्हणून पत्करली. कोणी त्यांच्यावर खटला भरला नव्हता. स्वतःच्या आयुष्याचा ताळा त्यांनीं स्वतःच पाहिला.

आपलें हें संशोधन उद्योगधंद्यांत रुजण्यास आपली निवृत्ति उजाडेल, असा होअर यांचा पहिल्यापासून अंदाज होता, आणि तो बराचसा खरा ठरला. १९९९ मध्यें ते ऑक्सफर्डहून निवृत्त झाले, तेव्हां मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्यांस आपल्या केंब्रिज येथील संशोधनशाळेंत बोलाविलें. २००० सालीं त्यांना "सर" ही पदवी मिळाली. २००९ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं संगणकाच्या कारभाराचा गाभा असलेल्या एका आज्ञावलीची संपूर्ण सिद्धता पुरी केली. आज्ञावली आठ-नऊ हजार ओळींची. तिची सिद्धता सुमारें दोन लक्ष ओळींची! ती सिद्धता मात्र यंत्राकडूनच तपासून घेतली होती. ताळा पाहणें हें उत्तर काढण्याहून किती कष्टाचें असूं शकतें, हें या आंकड्यांवरून दिसेल. म्हणूनच प्रत्येक आज्ञावलीचा असा ताळा आजहि पाहिला जात नाहीं. जेथें माणसाचा जीव किंवा मोठें धन पणाला लागलेलें असतें, तेथें तो मुख्यतः पाहिला जातो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळजण पुढें आज्ञावली लिहितील, आणि त्यांवर कोणाचें तरी औषध, कोणाची तरी गाडी, कोणाची तरी जन्माची पुंजी अवलंबून असेल. ती जबाबदारी अंगावर येण्याची वाट पाहूं नका. तिची तालीम आजच्या वहींतच आहे. आणि पालकांस एकच विनंति आहे. मुलाचें गणित चुकलें म्हणून त्याला रागें भरूं नये, आणि बरोबर आलें म्हणून लागलींच शाबासकीहि देऊं नये. दोन्ही वेळां शांतपणें एवढेंच विचारावें, "बाळ, हें तूं कशावरून म्हणतोस?"